१४५ आमदारांच्या सरकारला अडवतं कोण?

प्रश्न असा आहे: "राज्यसेवेच्या पुस्तकात विधिमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ, त्यांच्यातलं सत्ताविभाजन आणि एकमेकांवरचं नियंत्रण असं सगळं छान चौकटीत दिलंय. पण आपल्याकडे ज्याच्यामागे १४५ आमदार तो मुख्यमंत्री, आणि कायदेही त्याच १४५ जणांनी करायचे. मग विभाजन उरलं कुठे? बहुमताच्या सरकारला प्रत्यक्षात अडवतं कोण?"

मी मंत्रालयात सहायक म्हणून लागलो, अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. मधली एकतीस वर्षं तीन विभागांत गेली आणि त्यातला मोठा काळ विधिमंडळाचं कामकाज बघणाऱ्या कार्यासनांवर, म्हणजे डेस्कांवर. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. नस्ती (म्हणजे फाइल) कुठे अडते आणि कशाने सुटते एवढं मात्र जवळून पाहिलंय, तेव्हा उत्तरही त्याच अंगाने देतो.

तुमची शंका निम्मी बरोबर आहे. आपल्याकडे मंत्रिमंडळ विधिमंडळातूनच निघतं आणि बहुमत असेपर्यंत विधिमंडळ बहुतेक वेळा मंत्र्यांचंच ऐकतं. हे चुकून झालेलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धत शेजारी शेजारी ठेवली होती. कार्यकारी सत्तेत स्थैर्य हवं आणि जबाबदारीही हवी, पण दोन्ही सारख्या मापात देणारी व्यवस्था कुणाला साधलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त; मसुद्याने जबाबदारी निवडली. ती रोजच्या रोज मोजायची: प्रश्न, ठराव, स्थगन, अविश्वास, अभिभाषणावरची चर्चा. म्हणजे तीन खोल्या आणि मधे भिंती असं चित्र आपल्या घटनेने काढलेलंच नाही. न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करावी, हे अनुच्छेद ५० मध्ये आहे, तेही मार्गदर्शक तत्त्व म्हणून. भिंती घालायच्या ऐवजी घटनेने एकेका कामाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा वेगळ्याच्या हातात दिला. काम एकाने करायचं, पैसा दुसऱ्याने सोडायचा, सही तिसऱ्याची, तपासणी चौथ्याची.

पण ज्याच्या हातात तुकडा आहे तो नुसता बसून राहिला तर? खरी अडचण तिथे आहे. माझं मत विचाराल तर सरकारला माणसांपेक्षा तारखा जास्त अडवतात. कुठलाही अधिकार समोर आला की मी दोन गोष्टी बघतो. त्याला मुदत आहे का? आणि मुदत उलटली की नुकसान कुणाचं? (पुढे 'घड्याळ' म्हणेन तेव्हा निवडणूक चिन्ह डोळ्यांपुढे आणू नका.)

कुठलाही शासन निर्णय उघडा. खर्चाचा असेल तर शेवटाकडे एक ओळ सापडेल: "सदर शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने, त्यांच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये निर्गमित करण्यात येत आहे." आणि सहीच्या वर: "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने." सही उपसचिवाची नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची असते, राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. ही दुसरी ओळ अनुच्छेद १६६ मुळे येते. वित्त विभागाच्या ओळीने मात्र मंत्रालयातल्या कित्येक पिढ्यांचं रक्त आटवलंय. आमच्या एका मंत्रिमहोदयांनी (विभाग सांगत नाही) जाहीर सभेत योजना घोषित करून टाकली आणि सोमवारी सकाळी नस्ती आमच्याकडे आली. वित्त विभागाने ती तीनदा परत धाडली. लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, कोणतं? चालू वर्षी तरतूद आहे का? आवर्ती, म्हणजे दरवर्षीचा, भार किती? मंत्र्यांचे स्वीय सचिव दिवसाला चार फोन करत होते. समोर वित्त विभागातला माझ्याच वयाचा एक कक्ष अधिकारी, हातात लाल पेन, तो ढिम्म. आम्ही त्याच्यावर फार चडफडलो. आता वाटतं, त्याचं बरोबर होतं.

त्याच्यात एवढं बळ कुठून आलं? तो काही शूर नव्हता, त्याच्यामागे अनुच्छेद २६६ होता. विधिमंडळाने कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून रुपयाही बाहेर काढता येत नाही. मंजुरी एका वर्षापुरती. ३१ मार्चला रात्री बारा वाजता ती संपते आणि न वापरलेला पैसा व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. त्या रात्री कुठल्याही कोषागारात जाऊन बघा. देयकांचे गठ्ठे घेऊन रांगा, बीडीएसवर (निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर) निधी पडला का म्हणून मिनिटामिनिटाला विचारणा, शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे चहावर. मार्चअखेरच्या उधळपट्टीवर लोक हसतात आणि हसण्यासारखं असतंही. पण त्याच तारखेमुळे कितीही बहुमताच्या सरकारला दरवर्षी विधानसभेपुढे हात पसरायला उभं राहावं लागतं. निवडणुकीच्या वर्षी पूर्ण अर्थसंकल्पाला वेळ नसेल तर लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांपुरती खर्चाची मंजुरी, घ्यावं लागतं, पण काही न घेता १ एप्रिल उजाडू देण्याची छाती कुणाची नाही. मुदत उलटली तर नुकसान सरकारचंच, पगार थांबतील. विधान परिषद आडवी येईल म्हणावं तर धन विधेयक तिला १४ दिवसांत परत पाठवावं लागतं, नाहीतर ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असंच धरतात. परिषदेने घोळ घातला तर परिषदेचाच हक्क जातो.

पैशावरचं हे कुलूप सैल झालेलं नाही असं मी म्हणणार नाही. पुरवणी मागण्यांनी, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाच्या मंजुऱ्यांनी, ते बरंच सैल केलंय. २८ जून २०२४ ला राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि दोन आठवडे व्हायच्या आत ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. अर्थसंकल्प छापताना ते आकडे कुणाला दिसतच नव्हते, असं कोण मानेल? आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल? अनुच्छेद १५१ म्हणतो, राज्यपालांनी ते विधिमंडळापुढे ठेववावेत. केव्हापर्यंत, ते लिहिलेलं नाही. म्हणून ते बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी पटलावर येतात, आमदारांचं सामान गाडीत भरून झालेलं असतं तेव्हा.

आता अध्यादेश. संतुलन कसं चालतं, कसं मोडतं आणि कसं परत बसवतात, हे तिन्ही इथे एकत्र दिसतं, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसेल आणि तातडी असेल तर राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढू शकतात, अनुच्छेद २१३. म्हणजे कायदा करण्याचं विधिमंडळाचं काम तात्पुरतं सरकारच्या हातात. तात्पुरतं किती? विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे. दोन सभागृहं वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरच्या तारखेपासून. तेवढ्यात विधेयक मंजूर झालं नाही तर अध्यादेश आपोआप मरतो, कुणाला काही करावं लागत नाही.

आमच्या कार्यासनात अध्यादेशांची एक नोंदवही होती. शेवटच्या रकान्यात लाल शाईने एक तारीख लिहायची. मी नवा असताना माझ्या आधीच्याने ती तारीख अधिवेशन संपल्यापासून मोजून ठेवली होती, आणि मीही डोळे मिटून तीच धरून चाललो होतो. विधेयक विधानसभेत झालं होतं. परिषदेत शेवटच्या दिवशी गोंधळ झाला, कामकाज गुंडाळलं गेलं आणि आमचं विधेयक राहिलं. आम्ही निवांत होतो, भरपूर दिवस आहेत म्हणून. विधी व न्याय विभागातल्या एका सहायकाने सहज फोन केला: "अहो, सहा आठवडे सभागृह भरल्यापासून. उठल्यापासून नाही." बोटं मोजली तर हातात पाचच दिवस! पुढचे चार दिवस आणि रात्री कशा गेल्या ते सांगत बसत नाही. टिपणी, मंत्रिमंडळ, राजभवन, चर्नी रोडचं शासकीय मुद्रणालय, सगळीकडे मी स्वतः कागद हातात घेऊन फिरलो आणि अध्यादेश पुन्हा निघाला. 'पुढे चालू ठेवणे' असं नावातच असलेले अध्यादेश आपल्या राजपत्रात सापडतील; त्यातल्या एकाच्या पापात मीही वाटेकरी आहे.

यातली फट लक्षात आली का? आपलं अधिवेशन चालतं दोन-तीन आठवडे. अध्यादेश जगतो, अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवडे. म्हणजे सभागृह उठल्यावरही तीन-चार आठवडे अध्यादेश जिवंत आणि सभागृह बंद. त्या काळात तोच मजकूर नव्या क्रमांकाने पुन्हा काढला की घड्याळ शून्यावर. घटनेचं अक्षर मोडलं नाही, सभागृहाला विचारावंही लागलं नाही.

बिहारने ही फट रुंद करून तिचा दरवाजा केला. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रं काढून मोजदाद केली. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघाले आणि पुन्हा पुन्हा काढून ते एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. उसाच्या पुरवठा-खरेदीचा एक अध्यादेश जवळजवळ चौदा वर्षं चालला. त्या अवधीत विधानसभेच्या निवडणुका झाल्या, सरकारं पडली, राष्ट्रपती राजवटी आल्या; अध्यादेश आपला चालूच. दर अधिवेशन उठलं की सचिवालयातून विभागांना परिपत्रक जायचं: सहा आठवड्यांनी अध्यादेश संपतील, तेव्हा आधीच पुन्हा काढण्याची कार्यवाही करा. आणि मजकुरात बदल नसेल तर मंत्रिमंडळाच्या मान्यतेचीही गरज नाही! हे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रात उतरवून घेतलंय. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा न्यायमूर्तींपेक्षा ते लिहिणाऱ्या कारकुनाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्याला हे घटनेशी कपट वगैरे वाटलं नसणार. त्याच्या लेखी ते दर अधिवेशनाला करायचं ठरलेलं काम, आमच्या नोंदवहीतल्या लाल तारखेसारखं.

वाधवा थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सोबत तीन याचिकाकर्ते होते, ज्यांना बिहारच्या अध्यादेशांची प्रत्यक्ष झळ लागत होती: एक कुळ, एक विद्यार्थी, एक वीट-व्यावसायिक. पुण्याच्या प्राध्यापकाचा बिहारच्या अध्यादेशाशी संबंध काय, हा आक्षेप आलाच. न्यायालय म्हणालं, कायद्याप्रमाणे राज्य चालावं असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवतींच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने या प्रकाराला घटनेशी केलेलं कपट ठरवलं, इंटरमिजिएट शिक्षण परिषदेचा शिल्लक राहिलेला अध्यादेश रद्द केला आणि वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये द्यायला बिहार सरकारला सांगितलं. एक सवलत ठेवली: अधिवेशनात कामाची फारच गर्दी असेल, वेळ थोडा असेल, तर पुन्हा काढण्याला कारण असू शकतं. आमचा अध्यादेश त्या सवलतीच्या दारातून गेला. नस्तीवर विधी विभागाचा शेरा होता की वाधवा प्रकरणातील निकाल विचारात घेता पुनःप्रख्यापनाची (अध्यादेश पुन्हा काढण्याची) कारणे स्वतंत्रपणे नमूद करावीत. परिषदेतल्या गोंधळावर मला दीड पान लिहावं लागलं. पुण्यात बसून राजपत्रं चाळणाऱ्या एका माणसामुळे मुंबईतल्या एका कक्ष अधिकाऱ्याला कारणं द्यावी लागली. नियंत्रण म्हणतात ते बहुतेक वेळा दिसायला एवढंच असतं.

२ जानेवारी २०१७ ला कृष्णकुमार सिंह खटल्यात सात जणांच्या पीठाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तेही बिहारचंच प्रकरण, अध्यादेशाने सरकारने ताब्यात घेतलेल्या संस्कृत शाळांचं. अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक आहे आणि अध्यादेश मेल्यावर त्याखाली मिळालेले हक्क आपोआप टिकत नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. घड्याळाला पुन्हा काटे बसले.

मुदत असली तर काय होतं आणि नसली तर काय होतं, याचा असा जोडीचा नमुना महाराष्ट्राइतका स्वच्छ क्वचितच मिळेल. दोन्हीकडे राजभवन तेच, राज्यपाल भगतसिंह कोश्यारीच, मुख्यमंत्री उद्धव ठाकरेच.

२८ नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे यांनी शपथ घेतली तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. अनुच्छेद १६४(४) प्रमाणे सहा महिन्यांत सदस्य झालं नाही तर मंत्रिपद आपोआप जातं. मध्येच कोविड आला आणि विधान परिषदेच्या निवडणुका पुढे गेल्या. मंत्रिमंडळाने एप्रिल २०२० मध्ये राज्यपालांना शिफारस केली की ठाकरे यांना नामनियुक्त करा, राजभवन गप्प. पण मेची तारीख जवळ येत होती आणि ती उलटली असती तर सरकारच गेलं असतं. राज्यपालांनी निवडणूक आयोगाला लिहिलं, आयोगाने टाळेबंदीतच निवडणूक लावली, १४ मे ला ठाकरे बिनविरोध निवडून आले आणि १८ मे ला आमदारकीची शपथ झाली. घड्याळाला सगळ्यांनी मान दिली, मनात काहीही असो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने परिषदेवर नेमण्यासाठी बारा नावं राजभवनाला पाठवली. ७८ जणांच्या सभागृहातल्या बारा जागा, म्हणजे काही थोडक्या नव्हेत. अनुच्छेद १७१ मध्ये या नेमणुकीला मुदत नाही. नस्ती पडून राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा आणि आठ महिने म्हणजे वाजवी वेळ उलटून गेली. पण राज्यपालांना थेट आदेश देता येत नाही, अनुच्छेद ३६१ आड येतो. मग काय झालं? काही नाही. जून २०२२ मध्ये सरकार पडलं, नव्या सरकारने सप्टेंबरमध्ये यादी मागे घेतली आणि बारापैकी सात जागा भरायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं. 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. नकार दिला असता तर त्याची कारणं तपासता आली असती. बसून राहण्याला कारण लिहावं लागत नाही, त्यामुळे ते तपासायचं तरी कसं?

विधानसभा अध्यक्षांचं तेच. दहावी अनुसूची १९८५ ला आली, पक्षांतराचा निवाडा अध्यक्षांकडे दिला, मुदत दिली नाही. मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये साधारण तीन महिन्यांचं माप सांगितलं होतं. आपल्याकडे २०२२ च्या मध्यात दाखल झालेल्या अपात्रतेच्या याचिकांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला लागला, तोही सर्वोच्च न्यायालयाने आधी ३१ डिसेंबर आणि मग १० जानेवारी अशी तारीख बांधून दिल्यावर. निकाल कुणाच्या बाजूने लागला हा वेगळा वाद, त्यात मी पडत नाही. पण पाच वर्षांच्या विधानसभेत दीड वर्षं आमदारकी टांगणीला लागली की निकालाची किंमतच उतरते.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी गोष्ट. नुसती मुदत पुरत नाही. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना पाच वर्षांची पक्की मुदत दिली आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं लिहिलं. तरी मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. कारणं होती: ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना एकदा अशी एकदा तशी, न्यायालयातल्या तारखा. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हटलं, ती मुदतही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मग इथे घड्याळ का चाललं नाही? कारण मुदत उलटल्यावर ज्याचं नुकसान व्हायला हवं त्याचं काहीच बिघडलं नाही. नगरसेवक घरी गेले, पण महापालिकेचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकारने नेमलेला. निविदा निघत होत्या, अंदाजपत्रक मंजूर होत होतं, आणि ते मांडणारा नि मंजूर करणारा एकच. ३१ मार्चला पैसा संपतो, सहा आठवड्यांनी अध्यादेश संपतो; इथे निवडणूक लांबली तरी कारभार संपत नव्हता. उलट सोयीचा होत होता.

मग न्यायालयांनीच सगळीकडे मुदती घालाव्यात का? माझ्या ओळखीतले बरेच जण 'हो' म्हणतात. तमिळनाडूच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२५ ला दोन न्यायमूर्तींनी तसं केलंही. राज्यपालांनी विधेयकावर किती दिवसांत काय करायचं याचं वेळापत्रक दिलं आणि अडकलेली दहा विधेयकं संमत झाली असं मानलं. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागवलं. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने २० नोव्हेंबर २०२५ ला सांगितलं की घटनेत नसलेली मुदत न्यायालयाला घालता येणार नाही, मानीव संमतीही नाही. फार दिवस, कारण न देता, नुसतंच बसून राहिलं तर मात्र 'निर्णय घ्या' एवढं सांगता येईल. हे मत आलं तेव्हा पुष्कळ मित्र निराश झाले. मला ते मनाविरुद्ध पण बरोबर वाटलं. अनुच्छेद २०० मध्ये 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द आहेत. राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवण्याबाबत तर मूळ मसुद्यात सहा आठवड्यांची मुदत लिहिलेलीच होती. १९४९ मध्ये ती काढून 'शक्य तितक्या लवकर' घातलं आणि संविधान सभेचे सदस्य ह. वि. कामत यांनी उठून विचारलंही की हे मोघम शब्द कशाला. ऐकलं गेलं नाही. जाणूनबुजून काढलेला आकडा न्यायमूर्तींनी परत लिहायचा, तर उद्या दुसरा एखादा आकडा ते खोडूही शकतील. तो संसदेनेच घटनादुरुस्ती करून घालायला हवा. अमेरिकेत अध्यक्षाला रविवार सोडून दहा दिवस मिळतात. तेवढ्यात सही नाही की परत पाठवणं नाही, आणि काँग्रेस चालू असेल, तर विधेयकाचा कायदा होतो. आपल्याकडे अशी दुरुस्ती आणण्याची घाई ना दिल्लीतल्या पक्षांना ना राज्यातल्या. प्रत्येकाला कधी ना कधी राजभवन आपल्या बाजूचं मिळतं, हे त्यामागचं उघड गुपित.

यातला एक विनोद मला निवृत्तीनंतरही सोडत नाही. महाराष्ट्रात बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. त्यात लिहिलंय की कुठलीही नस्ती कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. आमच्या कार्यासनात तो तक्ता भिंतीवर लावलेला होता. विलंब झाला तर शिस्तभंगाची कारवाई, आणि तो धाक खरा होता. माझ्या एका सहकाऱ्याला नऊ दिवस नस्ती ठेवल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. त्याच काळात वर कुठेतरी बारा नावांची नस्ती जवळजवळ दोन वर्षं पडून होती.

तुम्ही परीक्षेची तयारी करताय म्हणून एक सुचवतो. पुस्तकातली तीन चौकटींची आकृती पाठ असू द्या, गुण त्यालाच मिळतात. पण घटनेची प्रत घेऊन राज्यांविषयीचे अनुच्छेद १५३ ते २१३ एकदा पेन्सिल हातात धरून वाचा. जिथे दिवस, आठवडे, महिने लिहिलेत तिथे रेघ मारा. जिथे लिहायला हवे होते आणि नाहीत तिथे फुली. मग गेल्या दहा वर्षांतले राज्याराज्यांतले वाद आठवून बघा, कुठले कुठल्या खुणेपाशी पडतात. आणि हात मोकळा असेल तर राजपत्राचा भाग चार संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतो. आपल्या राज्यातला एखादा अध्यादेश निवडा, त्यानंतरचं अधिवेशन कुठल्या तारखेला भरलं ते शोधा आणि पुढे बेचाळीस दिवस मोजा. भरल्यापासून मोजा, उठल्यापासून नाही.